ठिपकीची मान आणि बाभळीचा डिंक

वाडीच्या कडेला एक आंबा. आंब्याला एक ढोली. ढोलीत पिंगळ्यांचं घर.

पिंगळा म्हणजे छोटं घुबड. पेरूपेक्षा मोठं, नारळापेक्षा लहान.

त्या घरात होती ठिपकी. अंगभर पांढरे ठिपके, म्हणून ठिपकी. डोळे पिवळे, वाटोळे.

पण ठिपकीचे डोळे फक्त पुढे बघायचे. इकडे फिरायचे नाहीत. तिकडे फिरायचे नाहीत. तुमचे फिरतात. फिरवून बघा बरं. फिरले ना? ठिपकीचे नाही फिरायचे. सगळ्याच घुबडांचं तसं असतं.

मग बाजूचं बघायचं कसं? मान फिरवून.

ठिपकीची मान भारी होती. इकडे फिरायची, सुर्रर्र. तिकडे फिरायची, सुर्रर्र. पार पाठीपर्यंत फिरायची. ठिपकी बसायची पुढे तोंड करून आणि बघायची मागे.

पिंगळ्यांच्या घरात एक रीत होती. पहिल्यांदा उडायचं, ते संध्याकाळी. पिल्लू बसणार पुढे. आई बसणार मागे. पिल्लानं मान फिरवायची. मागे आई दिसली, की पंख उघडायचे. आई दिसली नाही, तर उडायचं नाही.

काल ठिपकीच्या दादानं मान फिरवली. आई दिसली. दादा उडाला, भुर्रर्र. आज ठिपकीची पाळी होती.

दुपार झाली. आई झोपली. दादा झोपला. ठिपकीला कुठली झोप यायला?

आंब्याची एक फांदी वाकून जमिनीला टेकली होती. तिच्यावरून ठिपकी खाली आली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. खाली होती बाभूळ. आईनं बजावलं होतं, की बाभळीपाशी जाऊ नकोस. ठिपकी बाभळीपाशीच गेली. तुम्ही काही गेला नसता. तुम्ही फार शहाणे.

ठिपकीची मान खाजली. तिनं ती बाभळीला घासली. खसाखसा, खसाखसा.

बाभळीला होता डिंक. ओला, चिकट. ठिपकीला तो दिसलाच नाही. पिंगळ्यांना लांबचं छान दिसतं, पण चोचीपुढचं धूसर दिसतं. डिंक लागला मानेला. डिंक लागला खांद्याला. वर कडक ऊन. डिंक वाळला. मान बसली खांद्याला चिकटून.

ठिपकीनं मान इकडे फिरवली. फिरेना. तिकडे फिरवली. फिरेना. आता मागची आई दिसणार कशी? आणि आई दिसली नाही, तर उडायचं कसं? ठिपकीला रडूच आलं.

ती म्हणाली, "डिंका डिंका, माझी मान सोड."

डिंक म्हणाला, "मी नाही सोडणार. पाण्यानं भिजवलं, तरच सोडेन."

निघाली ठिपकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

पुढे होता पाट. पाटात होतं पाणी. खळखळ, खळखळ.

"पाण्या पाण्या, डिंक भिजव."

"का गं, ठिपकी?"

ठिपकी म्हणाली,

"डिंक मान सोडेना,
मान काही फिरेना,
मागची आई दिसेना.
मग मी उडू कशी?"

पाणी म्हणालं, "इथे मी खोल आहे. तू बुडशील. पलीकडे मेथीचा वाफा आहे. तिथे मी उथळ होईन. पण मधे बांध आहे. बांधानं वाट दिली, तरच येईन."

निघाली ठिपकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

बांध होता मातीचा. जाडजूड, गप्प बसलेला.

"बांधा बांधा, पाण्याला वाट दे."

"का गं, ठिपकी?"

ठिपकी म्हणाली,

"पाणी वाफ्यात येईना,
डिंक मान सोडेना,
मान काही फिरेना,
मागची आई दिसेना.
मग मी उडू कशी?"

बांध म्हणाला, "मला हात नाहीत. मला पाय नाहीत. खेकड्यानं भोक पाडलं, तरच वाट देईन."

निघाली ठिपकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

बांधाच्या पायथ्याशी होतं बीळ. बिळात होता खेकडा. पण बिळाच्या तोंडावर बसली होती एक म्हैस. खेकड्याचा नुसता आवाज यायचा. आवाज आला बाजूनं.

ठिपकीला बाजूचं दिसेना. डोळे फिरेनात. मान फिरेना. मग ठिपकी अख्खीच फिरली. टुण.

"खेकड्या खेकड्या, भोक पाड."

"का गं, ठिपकी?"

ठिपकी म्हणाली,

"बांध वाट देईना,
पाणी वाफ्यात येईना,
डिंक मान सोडेना,
मान काही फिरेना,
मागची आई दिसेना.
मग मी उडू कशी?"

खेकडा आतून म्हणाला, "भोक पाडायला मला फार आवडतं. पण मी बाहेर येऊ कसा? दारात म्हैस बसली आहे. म्हैस उठली, तरच येईन."

म्हैस तिथेच होती. तरी ठिपकीला तिच्या तोंडापुढे जायला पाच उड्या लागल्या. केवढी मोठी ती म्हैस. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक, टुण.

म्हशीचं नाव चंद्री. डोळे मिटून रवंथ करत होती. चर्रक चर्रक, चर्रक चर्रक. मधेच कान झाडायची. फटक फटक.

"चंद्रे चंद्रे, ऊठ की गं."

"का गं, ठिपकी?"

ठिपकी म्हणाली,

"खेकडा भोक पाडेना,
बांध वाट देईना,
पाणी वाफ्यात येईना,
डिंक मान सोडेना,
मान काही फिरेना,
मागची आई दिसेना.
मग मी उडू कशी?"

चंद्री म्हणाली, "माझ्या कानात गोचीड आहे. चावतो मेला. उठायचं मनच होत नाही. बगळ्यानं गोचीड काढला, तरच उठेन."

मग चंद्रीनं पुन्हा डोळे मिटले. तिला कसलीच घाई नव्हती. घाई होती ठिपकीला. ऊन तिरपं झालं होतं.

निघाली ठिपकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

बगळा होता कुंपणापाशी. एका पायावर उभा. बगळे तसेही एका पायावर उभे राहतात, पण हा अडकला होता. त्याच्या पायात होता पतंगाचा दोरा. दोऱ्याचं टोक कुंपणाच्या तारेत.

बगळ्यानं बाजूनं हाक मारली. ठिपकी पुढेच बघत राहिली. बगळा म्हणाला, की अगं, मी इकडे आहे, डोळे फिरव जरा. सगळे असंच म्हणतात. डोळे फिरेनात. मान फिरेना. मग ठिपकी अख्खीच फिरली. टुण.

"बगळ्या बगळ्या, गोचीड काढ."

"का गं, ठिपकी?"

ठिपकी म्हणाली,

"म्हैस काही उठेना,
खेकडा भोक पाडेना,
बांध वाट देईना,
पाणी वाफ्यात येईना,
डिंक मान सोडेना,
मान काही फिरेना,
मागची आई दिसेना.
मग मी उडू कशी?"

बगळा म्हणाला, "गोचीड म्हणजे माझा खाऊ. लगेच काढला असता. पण माझ्या पायात दोरा आहे. हौसाकाकूनं दोरा सोडला, तरच येईन."

निघाली ठिपकी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. आता तिचे पाय दुखत होते.

हौसाकाकू म्हणजे चंद्रीची मालकीण. मेथीही तिचीच. काकू शेतात इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होती. कपाळावर हात धरून बघत होती. "ये रं लेकरा, ये रं माझ्या राजा," अशा हाका मारत होती.

ठिपकी काकूच्या पुढे जाऊन बसली.

"काकू काकू, दोरा सोड."

काकू थांबली. खाली वाकली. "का गं बाय, काय झालं?"

ठिपकी म्हणाली,

"बगळा गोचीड काढेना,
म्हैस काही उठेना,
खेकडा भोक पाडेना,
बांध वाट देईना,
पाणी वाफ्यात येईना,
डिंक मान सोडेना,
मान काही फिरेना,
मागची आई दिसेना.
मग मी उडू कशी?"

तुम्ही म्हणाल, बांध काकूनंच फोडायचा की. पण काकूचं लक्ष कुठे होतं? काकूचे डोळे पाण्यानं भरले होते.

काकू म्हणाली, "दोरा सोडीन की गं. पर चंद्रीचं रेडकू हरवलंय. दुपारपास्नं हुडकतीया. चंद्रीला वाटतंय, ते माझ्यापाशी हाय. मला लांबचं दिसंना झालंय. रेडकू गावलं, तरच दोरा सोडीन."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. रेडकू कुठे आहे ते कुणाला ठाऊक?

सूर्य खाली खाली चालला होता. ठिपकीला आईची फार आठवण आली. मग तिनं काकूकडे बघितलं. काकूला लांबचं दिसत नव्हतं. ठिपकीला लांबचंच दिसत होतं. ठिपकीची मान फिरत नव्हती. काकू मात्र सगळीच्या सगळी फिरत होती.

ठिपकी म्हणाली, "काकू, मला डोक्यावर घे. तू फिर. मी बघते."

काकूच्या डोक्यावर होती चुंबळ. घागर ठेवायला कापडाची गोल चुंबळ असते ना, ती. काकूनं ठिपकीला चुंबळीवर बसवलं. आणि काकू फिरली. हळूच, हळूच.

काकू फिरली वाडीकडे. ठिपकीला दिसली कौलं. रेडकू दिसेना.

काकू फिरली विहिरीकडे. ठिपकीला दिसली रहाटाची दोरी. रेडकू दिसेना.

काकू फिरली ओढ्याकडे. ओढ्यापलीकडे एक चिंच. चिंचेखाली खडक. एक काळा खडक. त्याच्याशेजारी अजून एक काळा खडक.

ठिपकी म्हणाली, "काकू, थांब. आता खाली बस आणि वर ऊठ."

पिंगळे लांबचं बघताना डोकं वर-खाली करतात. तेव्हा त्यांना नीट कळतं, की किती लांब आहे ते. पण ठिपकीची मान चिकटलेली. म्हणून काकूनंच उठाबशा काढल्या. खाली, वर. खाली, वर. गुडघे वाजले, कट्‌ कट्‌, कट्‌ कट्‌.

ठिपकीनं टक लावून बघितलं. मग हळूच सांगितलं, "काकू, तो दुसरा खडक कान हलवतो."

काकू पळत सुटली. पायात चप्पल आहे की नाही, तेही तिनं बघितलं नाही. चुंबळीवर ठिपकी गदागदा हलत होती. ओढा ओलांडला. चिंच आली. खडकाला टेकून रेडकू झोपलं होतं, गाढ. खडक काळा, रेडकू काळं. काकू दोनदा तिथून गेली होती, पण तिला सगळे खडकच वाटले होते.

काकूनं रेडकाच्या गळ्यात हात टाकले. काकू हसली आणि रडलीसुद्धा. रेडकानं तिचं नाक चाटलं.

आता काय झालं, ऐका.

रेडकू काकूला सापडलं. रेडकाला घेऊन काकू कुंपणापाशी आली.

काकूनं दोरा सोडला. बगळा उडाला. फड फड, फड फड.

बगळ्यानं गोचीड काढला. टप्प. आणि खाऊनही टाकला.

म्हशीनं डोळे उघडले. समोर रेडकू. चंद्री हंबरली, "आँऽऽ." चंद्री उठली. भस्सकन.

खेकडा बाहेर आला. तुरुतुरु, तुरुतुरु. त्यानं भोक पाडलं. खुर्र खुर्र, खुर्र खुर्र. एरवी काकू त्याच्यामागे काठी घेऊन धावली असती. आज ती म्हणाली, "पाड बाबा, पाड. माझी मेथी बी तहानलीया."

बांधानं वाट दिली. धप्प.

पाणी वाफ्यात आलं. खळखळ, खळखळ. उथळ, गार. ठिपकीच्या पोटापर्यंत. ठिपकी चुंबळीवरून उतरून मेथीत बसली. पाण्यानं मान भिजवली. पाण्यानं खांदा भिजवला.

डिंक फुगला. डिंक मऊ झाला. डिंक म्हणाला, "घे, सोडली."

मान सुटली.

ठिपकीनं मान इकडे फिरवली. सुर्रर्र. तिकडे फिरवली. सुर्रर्र. इकडे चंद्री दिसली. तिकडे काकू दिसली. कुणासाठीच अख्खं फिरावं लागलं नाही. ठिपकीला इतकं हलकं वाटलं, इतकं हलकं वाटलं, की ती मेथीत बसून नुसती मान फिरवत राहिली.

काकू म्हणाली, "आता पळ बाय. दिवस कलला."

काकूनं तिला पदरानं पुसलं. ओंजळीत घेऊन आंब्यापाशी नेलं आणि वाकलेल्या फांदीवर ठेवलं. ठिपकी वर चढली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

आई जागी झाली होती. सगळीकडे मान फिरवून ठिपकीला शोधत होती. ठिपकी दिसली, तेव्हा आईचा जीव भांड्यात पडला. आईला रागवायचं होतं. पण ठिपकी ओली होती, आणि मानेवरची चार पिसं उभी होती. आईनं ती चार पिसं चोचीनं नीट बसवली. रागवायचं राहूनच गेलं.

सूर्य टेकला. आभाळ लाल झालं. दादा वरच्या फांदीवर बसून बघत होता.

ठिपकी बसली पुढे. आई बसली मागे.

ठिपकीनं पुढे बघितलं. पुढे मोठं आभाळ. खाली केवढं खोल. ठिपकीला भीती वाटली. खरंच वाटली.

मग तिनं मान फिरवली. सुर्रर्र. पार पाठीपर्यंत.

मागे आई होती. आईचे दोन पिवळे डोळे ठिपकीकडेच बघत होते.

ठिपकीनं मान पुढे केली. पंख उघडले.

भुर्रर्र.

ठिपकी उडाली, आमची गोष्ट उडाली. आता तुम्ही मान फिरवा. मागे कोण बसलंय, बघा.